प्रत्यय लागताना शब्द कसा बदलतो : सामान्यरूप आणि ऱ्हस्व-दीर्घ लेखन

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यावर तुम्हाला सामान्यरूप म्हणजे काय हे उदाहरणांसह सांगता येईल. प्रत्यय लागताना शब्दातील इकार-उकार केव्हा ऱ्हस्व होतो, केव्हा दीर्घच राहतो आणि केव्हा नाहीसा होतो हे ओळखता येईल. तसेच स्वतः लिहिलेला अर्ज, पत्र किंवा उत्तरपत्रिका तपासून अशा चुका दुरुस्त करता येतील.

प्रास्ताविक

पुढील मजकूर एका अर्जाचा आहे. अर्ज कल्पित आहे. त्यातील चुका मात्र नित्य आढळणाऱ्या आहेत.

'माझे वडीलांच्या निधनानंतर खालापुर तालुक्यातील आमच्या जमीनीच्या सातबार्यावर वारसाची नावे अद्याप लागलेली नाहीत. याबाबतच्या फाईलीची चौकशी करण्यासाठी मी दोन वेळा खालापुरला आलो. वकीलांनी सांगितलेल्या रक्कमेची पावती सोबत जोडली आहे. तरी तहसिलदार साहेबांनी लक्ष घालावे, ही विनंती.'

या छोट्या मजकुरात अकरा शब्द प्रमाणलेखनाच्या दृष्टीने चुकले आहेत. अर्ज लिहिणाऱ्याला मराठी येत नाही असे कोणी म्हणणार नाही. त्याचे म्हणणे स्पष्ट आहे, वाक्यरचना सरळ आहे. चुका आहेत त्या जवळजवळ सगळ्या एकाच जागी : मूळ शब्द आणि प्रत्यय यांच्या सांध्यावर. आणि त्यांतही दोन जाती आहेत. 'जमीनीच्या' लिहिणारा नियम लावायला विसरला आहे. 'खालापुरला' लिहिणाऱ्याने नियम लावला आहे, पण जिथे तो लागू होत नाही तिथे. दुसऱ्या जातीची चूक अधिक शिकवण्याजोगी असते, कारण तिच्यात नियम ऐकून माहीत असतो, त्याचे कारण माहीत नसते. या घटकात आपण ते कारण पाहणार आहोत. उदाहरणे शक्यतो कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांतील गावे, नद्या आणि व्यवहार यांतून घेतली आहेत.

सामान्यरूप म्हणजे काय?

नामाला किंवा सर्वनामाला विभक्तिप्रत्यय अथवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी त्याच्या रूपात जो बदल होतो, त्या बदललेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात. 'घोडा' या शब्दाला 'ला' हा प्रत्यय लागताना आधी 'घोड्या-' हे रूप तयार होते आणि मग 'घोड्याला' हा शब्द बनतो. 'घर' चे 'घरा-', 'भिंत' चे 'भिंती-', 'वीट' चे 'विटे-', 'पुणे' चे 'पुण्या-' ही सामान्यरूपे होत. खालापूर तालुक्यातील धरणाचे 'मोरबे' हे नाव आणि कर्जत तालुक्यातील 'कशेळे' हे गाव 'पुणे'प्रमाणेच चालतात : 'मोरब्याचे पाणी नवी मुंबईला जाते', 'कशेळ्याचा बाजार'. 'खोपोली', 'वावोशी', 'पळसदरी' अशा ईकारान्त ग्रामनामांत मात्र वेगळे काही दिसत नाही, 'खोपोलीत', 'वावोशीला'.

मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले शुद्धलेखनाचे चौदा नियम राज्य शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. या अठरा नियमांपैकी सामान्यरूपाच्या वेळी होणाऱ्या बदलांचा भाग आकाराने बराच मोठा आहे. विद्यार्थी हे नियम पाठ करतात आणि उदाहरणे विसरतात. वास्तविक उलट व्हायला हवे.

दीर्घ केव्हा ऱ्हस्व होतो?

प्रथम दोन नियम एकमेकांशेजारी ठेवून पाहू. मराठी अकारान्त शब्दांतील उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षरातील, इकार-उकार दीर्घ लिहावा : वीट, वीज, फूल, सून, जमीन, वडील, वकील, मजूर. आणि अशा शब्दाचे सामान्यरूप होताना तो इकार-उकार ऱ्हस्व लिहावा : विटेला, विजेचा, फुलाला, सुनेने, जमिनीत, वडिलांचा, वकिलाकडे, मजुरांना.

हे दोन नियम म्हणजे एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. 'वीट' हा शब्द आपण लिहितो अकारान्त, पण उच्चारताना शेवटचा 'अ' ऐकू येत नाही; आपण 'वीट्' असेच म्हणतो. शब्द व्यंजनावर थांबतो, आणि त्या व्यंजनाआधीच्या स्वरावर जीभ रेंगाळते. 'विटेला' म्हणताना 'ट' ला 'ए' हा स्वर मिळतो, शब्द पुढे सरकतो, आणि आधीच्या 'वि' वर रेंगाळायला वाव राहत नाही. लेखनातील ऱ्हस्व-दीर्घ हा या उच्चाराचा माग आहे.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. ऱ्हस्व होण्याचे कारण 'ला', 'चा', 'ने' हे प्रत्यय नव्हेत. प्रत्ययाआधी येणारा नवा स्वर हे कारण आहे. याचा पुरावा असा की विभक्तिप्रत्यय नसतानाही, केवळ अनेकवचनाचा स्वर आला तरी तोच बदल होतो : वीट–विटा, फूल–फुले, जमीन–जमिनी. शब्द साधणारा 'ई' आला तरीही होतो : वकील–वकिली, गरीब–गरिबी, नागपूर–नागपुरी. उलट, व्यंजनाने सुरू होणारा घटक मूळ शब्दाला थेट जोडला, मध्ये नवा स्वर आलाच नाही, तर दीर्घ तसाच राहतो : जमीनदार, तहसीलदार, नागपूरकर, वकीलपत्र. अर्जातील 'तहसिलदार' का चुकले ते आता लक्षात येईल. 'तहसिलीत' लिहिणे बरोबर. 'तहसीलदार' मध्ये 'ल' नंतर स्वर नाही.

खोपोलीचे उदाहरण घेऊ. टाटांचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. घाटमाथ्यावरच्या तलावांतील पाणी नळांतून खाली आणून त्यावर वीज निर्माण करायची, ही या केंद्रांची पद्धत. वापरून झालेले पाणी खोपोलीस पाताळगंगेत आणि भिवपुरीस उल्हास नदीच्या खोऱ्यात उतरते. या विषयावर चार वाक्ये लिहायची झाली तर 'वीज', 'विजेची मागणी', 'विजेवर चालणारी गिरणी', 'वीजगृह', 'वीजनिर्मिती' असे शब्द लागोपाठ येतील. ऱ्हस्व आणि दीर्घ असे आलटून पालटून येतात यात गोंधळ काही नाही. 'विजे-' हे सामान्यरूप आहे. 'वीजगृह' हा समास आहे, तिथे 'वीज' जशीच्या तशी आहे. याच रीतीने या परिसरातील 'वीटभट्टी' दीर्घ आणि तिच्यातून निघणाऱ्या 'विटा' ऱ्हस्व.

समासांच्या बाबतीत एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. जे समास जुने असून एकजीव झाले आहेत, त्यांत पहिला शब्द बहुधा ऱ्हस्व आढळतो : फुलपाखरू, फुलझाड. महसुली कागदपत्रांत भेटणारा 'कुळवहिवाट' हा शब्दही असाच. सुटे लिहिताना 'कूळ', पण इथे 'कुळ-'. नव्या समासांत मूळ शब्द बहुधा दीर्घ राहतो. इथे नियमापेक्षा शब्दकोश पाहणे श्रेयस्कर.

खालापूरला की खालापुरात?

आता अर्जातील 'खालापुर' आणि 'खालापुरला' या शब्दांकडे येऊ. ग्रामनामातील 'पूर' दीर्घ लिहावा, असा महामंडळाचा स्पष्ट नियम आहे : नागपूर, सोलापूर, तारापूर, आणि म्हणून खालापूर. संस्कृतात नगरवाचक 'पुर' शब्द ऱ्हस्व आहे हे ज्यांना ठाऊक आहे, ते कधीकधी या नियमाबद्दल कुरकुर करतात. पण मराठीने तो शब्द आपल्या उच्चाराप्रमाणे चालवला आहे आणि लेखनही त्यामागून आले आहे.

सामान्यरूप झाले की 'खालापुरा-' होईल आणि 'पु' ऱ्हस्व होईल : खालापुरात, खालापुराहून. परंतु ग्रामनामांचे सामान्यरूप सर्वच वेळी होत नाही. 'खालापूरला', 'खालापूरचा', 'खालापूरहून' असे आपण सर्रास म्हणतो. इथे 'पूर' नंतर स्वर आलेला नाही. प्रत्यय थेट नावाला लागला आहे. म्हणून 'पू' दीर्घच. 'खालापूरला' बरोबर, 'खालापुराला' ही बरोबर. 'खालापुरला' मात्र ना इकडचे ना तिकडचे. वृत्तपत्रांतील मथळे, दुकानांच्या पाट्या, लग्नपत्रिका यांत हे तिसरे रूप जितके दिसते तितके दुसरे कोणतेही चुकीचे रूप दिसत नसावे.

याच शब्दाची बहीण शेजारच्या तालुक्यात आहे. 'भिवपुरी' या नावाच्या शेवटी दीर्घ 'री' आहे. शब्दाचे अन्त्य अक्षर दीर्घ असले की मराठी शब्दातील उपान्त्य इकार-उकार ऱ्हस्व लिहितात; म्हणून 'पु' ऱ्हस्व. भिवपुरी रोड हे स्थानक मुंबई–कर्जत मार्गावर आहे. तिथून कर्जतला येऊन पुढे खालापूरला जाणाऱ्याने एकाच प्रवासात 'पुरी' आणि 'पूर' दोन्ही पाहिले आणि दोन्ही बरोबर पाहिले.

मग कोणत्या ग्रामनामाचे सामान्यरूप होते आणि कोणत्याचे नाही? याला पक्का नियम नाही, पण एक निरीक्षण उपयोगी पडते. ज्या नावाचा शेवटचा भाग मराठीत अर्थपूर्ण सामान्यनाम म्हणून जिवंत आहे, तिथे सामान्यरूप सहज होते : भिसेगावात, ठाकूरवाडीत, कोथळीगडावर, खालापुरात. ज्या अकारान्त नावाचा असा अवयव बोलणाऱ्याला जाणवत नाही, तिथे प्रत्यय थेट लागतो : कर्जतला, नेरळहून, खांडसचा, महडला. 'कर्जतात' असे कोणी म्हणत नाही, 'कर्जतमध्ये' म्हणतात. (महडबद्दल जाता जाता : वरदविनायकाचे महड खालापूर तालुक्यात आहे आणि महाड हा याच जिल्ह्यातील दुसरा तालुका. एका कान्याने पत्र दूरवर जाऊ शकते.)

विशेषनाम आणि सामान्यनाम यांतील हा भेद दोन गावांच्या नावांत फार सुंदर दिसतो. खालापूर तालुक्यात 'चौक' नावाचे गाव आहे आणि पनवेल–कर्जत लोहमार्गावर त्याच नावाचे स्थानक आहे. 'मी चौकला उतरलो' म्हणजे त्या गावी उतरलो. 'मी चौकात उतरलो' म्हणजे रस्ते मिळतात तिथे. तसेच कोथळीगडाच्या पायथ्याच्या गावाचे नाव 'पेठ'. त्यावरून गडालाही 'पेठचा किल्ला' म्हणतात. 'पेठेचा किल्ला' म्हणत नाहीत. 'पेठेत' गेलेला माणूस बाजारात गेलेला असतो, 'पेठला' गेलेला डोंगर चढतो. व्याकरणाचे कोणतेही पुस्तक न वाचलेला तिथला रहिवासी हा भेद कधी चुकवत नाही.

स्वर नाहीसा होतो तेव्हा

काही शब्दांत दीर्घ स्वर ऱ्हस्व होऊन थांबत नाही, तो जातोच. शब्द तीन अक्षरी असेल आणि त्याचे पहिले अक्षर दीर्घ असेल, तर मधल्या ई-ऊ च्या जागी सामान्यरूपात 'अ' येतो : लाकूड–लाकडाला, माणूस–माणसाने, तारीख–तारखेला, बेरीज–बेरजेत, तांदूळ–तांदळाचा. मधले अक्षर नुसता स्वर असेल, तर ई च्या जागी 'य' आणि ऊ च्या जागी 'व' येतो : पाऊस–पावसात, देऊळ–देवळात, पाऊल–पावलाने, फाईल–फायलीत.

कर्जतचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे आणि तिथून निघालेल्या भाताच्या जाती 'कर्जत' या नावानेच क्रमांकांसह ओळखल्या जातात. 'तांदूळ' हा शब्द इथल्या विद्यार्थ्याने दिवसातून कितीदा उच्चारला असेल याची गणती नाही. तो 'तांदूळाची भाकरी' असे कधीही म्हणत नाही, 'तांदळाची' म्हणतो. लिहिताना मात्र 'तांदूळाची' लिहितो. असे का होते? माझ्या मते, कारण लिहिताना तो कानाला विचारत नाही. छापील मूळ शब्द डोळ्यांपुढे आणतो आणि त्याला प्रत्यय डकवतो. आगरी, ठाकरी, कातकरी किंवा कुणबी बोली बोलणाऱ्या विद्यार्थ्यांची समजूत असते की आपल्या बोलीमुळे लेखन चुकते. 'ण' ऐवजी 'न' किंवा 'ळ' ऐवजी 'ल' लिहिला गेला तर ते काही अंशी खरे असेल. सामान्यरूपाच्या चुकांचे खापर बोलीवर फोडण्याचे कारण नाही. इथे बोलणारा बहुधा बरोबर असतो आणि लिहिणारा चुकतो.

पहिले अक्षर ऱ्हस्व असेल तर हा नियम लागत नाही. 'वडील' मधला 'व' ऱ्हस्व, म्हणून 'वडिलांना'. 'पाटील' मधला 'पा' दीर्घ, म्हणून 'पाटलांना'. माथेरानचे वकील भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर हौतात्म्य आले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले होते. या घटनेवर निबंध लिहिताना 'वकिलाने' आणि 'पाटलाने' ही दोन्ही रूपे लागतील; एकात स्वर ऱ्हस्व झाला आहे, दुसऱ्यात लोपला आहे, आणि फरक फक्त पहिल्या अक्षराचा आहे.

अपवाद आहेतच. 'ठाकूर' हा शब्द नियमाने 'ठाकराला' व्हावा, पण आडनाव म्हणून 'ठाकुरांना' हेच रूढ आहे. याच शब्दाबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींच्या यादीत 'ठाकूर' आणि 'ठाकर' ही दोन्ही नावे एकाच नोंदीत आहेत. दाखल्यासाठी अर्ज भरताना आपल्या जुन्या कागदपत्रांत जे रूप आहे तेच लिहावे. व्याकरणाच्या उत्साहात कोणाचेही नाव 'शुद्ध' करू नये. नाव हे धारण करणाऱ्याचे असते, नियमाचे नव्हे.

द्वित्व : मराठीत जाते, इंग्रजीत येते

'रक्कम' या शब्दात 'क' चे द्वित्व आहे. सामान्यरूपात ते नाहीसे होते : रकमेची, रकमेवर. 'छप्पर–छपराला', 'दुप्पट–दुपटीने' हे तसेच. 'किंमत', 'गंमत', 'हिंमत' यांतील 'म' पूर्वीचा अनुस्वारही जातो : किमतीला, गमतीने, हिमतीने. कारण पुन्हा तेच. पुढे स्वर आला, आघात सरकला, आणि आधीच्या जागेवरील भार हलका झाला.

पदवीच्या अभ्यासक्रमात तुम्हाला इंग्रजीही आहे, म्हणून एक तुलना करू. इंग्रजीत प्रत्यय लावताना द्वित्व जात नाही, उलट येते. धावणे या अर्थाच्या 'रन' या शब्दात शेवटी एकच 'एन' आहे. 'रनिंग' लिहिताना तो दोनदा लिहावा लागतो. आशा करणे या अर्थाच्या 'होप' शब्दाच्या शेवटी न उच्चारले जाणारे 'ई' हे अक्षर असते. 'होपिंग' लिहिताना ते गळते, पण 'होपफुल' लिहिताना राहते. एका पायावर उडी मारणे या अर्थाचा 'हॉप' शब्द वेगळा. त्याच्या 'हॉपिंग' मध्ये 'पी' दोनदा येतो. तो दोनदा आला नसता तर 'होपिंग' आणि 'हॉपिंग' कागदावर सारखेच दिसले असते. शेवटी 'वाय' असलेला 'हॅपी' हा शब्द 'हॅपिनेस' होताना 'वाय' ऐवजी 'आय' घेतो.

या नियमांत आपल्या ओळखीचे काय आहे? पहिला प्रश्न इंग्रजीतही बहुतेक वेळा हाच असतो : पुढे येणारा घटक स्वराने सुरू होतो की व्यंजनाने? 'इंग' स्वराने सुरू होतो म्हणून 'ई' गळते; 'फुल' व्यंजनाने सुरू होतो म्हणून राहते. 'वीट–विटा–वीटभट्टी' या त्रयीत आपण हेच पाहिले. 'हॅपिनेस' मात्र याला अपवाद. 'नेस' व्यंजनाने सुरू होऊनही बदल झाला. फरकही मोठा आहे. इंग्रजीत आधीच्या स्वराचा उच्चार बदलू नये म्हणून अक्षरे बदलतात. मराठीत उच्चारच बदलतो आणि अक्षरे त्याच्या मागे जातात. त्यामुळे मराठी माणसाला आपल्या भाषेत कानाची मदत मिळते, इंग्रजीत ती फारशी मिळत नाही. इंग्रजीतील लेखन तर देशागणिकही बदलते : प्रवासी या अर्थाच्या 'ट्रॅव्हलर' मध्ये ब्रिटनमध्ये दोन 'एल' लिहितात, अमेरिकेत एक.

जिथे कान मदत करत नाही

मराठीतही एक प्रांत असा आहे की जिथे कान फसवतो. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले, म्हणजे तत्सम, शब्द दीर्घोपान्त्य असतील तर सामान्यरूपातही दीर्घच राहतात : शरीर–शरीराला, सूत्र–सूत्राने, तीर–तीरावर, परीक्षा–परीक्षेत. 'उल्हास नदीच्या तीरावर' असे लिहावे. 'परिक्षा' आणि 'परिक्षेला' ही रूपे परीक्षेच्या अर्जावरच आढळतात, हा योगायोग खेदाचा आहे.

सर्वांत बोलके उदाहरण 'पीठ' या शब्दाचे. धान्य दळून होते ते पीठ मराठी वळणाचे आहे, संस्कृत 'पिष्ट' वरून आलेले. म्हणून 'पिठाची गिरणी', 'पिठात मीठ'. आसन किंवा स्थान या अर्थाचे 'पीठ' तत्सम आहे. म्हणून 'विद्यापीठाची', 'विद्यापीठात', 'शक्तिपीठाला'. दोन्ही ठिकाणी अक्षरे सारखी आणि उच्चारही जवळजवळ सारखा. 'विद्यापिठात' असे लिहिणारा, काटेकोरपणे पाहिले तर, विद्येची गिरणी काढतो. असेच 'मूल' आणि 'मूळ' हे मराठी शब्द 'मुलाला', 'मुळात' असे चालतात, पण तत्सम 'मूल' असलेल्या 'मूलद्रव्य' या शब्दाचे सामान्यरूप 'मूलद्रव्याला' असेच होते.

शब्द तत्सम आहे हे ओळखायची हमखास युक्ती नाही. शब्दकोश हाताशी ठेवावा, शंका आली की पाहावा, आणि पाहिलेला शब्द वहीत लिहून ठेवावा. वर्षभरात अशी यादी फार लांब होत नाही.

परभाषेतून आलेल्या शब्दांचा प्रश्न वेगळा आहे. 'तिकीट' आपल्याकडे इतके मुरले आहे की ते निमूटपणे 'तिकिटाची खिडकी' होते. 'मोटार'ची 'मोटारीने', 'बँके'त, 'फायलीत' हेही तसेच. 'लोकल' मात्र अजून 'लोकलने' अशीच जाते आणि 'मशीन'च्या बाबतीत 'मशीनने' आणि 'मशिनीने' दोन्ही ऐकू येतात. ज्या शब्दाला सामान्यरूप मिळाले तो घरचा, ज्याला नाही तो अजून ओसरीवरचा, असे म्हणता येईल. दोन्ही चालतात, एका लेखनात मात्र एकच पद्धत ठेवावी.

अनुस्वार आणि 'ऱ्य'

अनेकवचनी सामान्यरूपावर अनुस्वार द्यावा लागतो : वारस (एक)–वारसाची, वारस (अनेक)–वारसांची. अर्जात एका बिंदूने एक वारस किंवा अनेक वारस ठरतात, म्हणून हा बिंदू शोभेचा नाही. 'खालापूर तालुक्यातील गावे' बरोबर. 'कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील गावे' हेही बरोबर. आदरार्थी अनेकवचनालाही तो लागतो : वडिलांचे, साहेबांनी, कोतवालांनी.

'सातबारा' चे सामान्यरूप 'सातबाऱ्या-'. इथे 'र'मुळे आधीच्या अक्षरावर आघात येत नाही, म्हणून तो रफाराने न लिहिता 'ऱ्य' असा लिहितात. 'आचारी' चे 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्य' चे 'आचार्यांना' हे नेहमीचे उदाहरण आहेच. पळसदरीच्या परिसरात 'दऱ्या' आहेत. 'दर्या' पाहायचा तर अलिबागला जावे लागेल.

शेवटी 'माझे वडिलांच्या' याविषयी. 'माझे वडिलांचे निधनानंतर' ही जुन्या दप्तरी मराठीची लकब आहे आणि दस्तलेखकांच्या लेखणीत ती अजून आढळते. प्रमाण मराठीत विशेषणाचेही सामान्यरूप होते : 'माझ्या वडिलांच्या निधनानंतर'.

स्वाध्याय

१. प्रास्ताविकातील अर्ज शुद्ध करून पुन्हा लिहा. प्रत्येक दुरुस्तीपुढे कारण एका वाक्यात द्या.

२. पुढील शब्दांना 'ला' आणि 'त' हे प्रत्यय लावा. जिथे एखादे रूप प्रचारात नाही असे वाटते, तिथे तसे नोंदवा : नेरळ, पाऊस, विद्यापीठ, कापूस, चौक (गाव), चौक (रस्ते मिळतात ती जागा), सोलापूर, मंदिर.

३. तुमच्या तालुक्यातील दहा ग्रामनामे घ्या. घरातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीला, उदाहरणार्थ आजी किंवा आजोबांना, त्या प्रत्येक गावी जाण्याविषयी एक वाक्य बोलायला सांगा आणि ते जसे बोलले गेले तसे लिहून घ्या. कोणत्या नावांचे सामान्यरूप झाले, कोणत्यांचे झाले नाही?

४. 'खालापुरला' हे रूप चुकीचे आणि 'खालापुरात' हे रूप बरोबर का, हे सात-आठ ओळींत स्पष्ट करा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर : 'माझ्या वडिलांच्या निधनानंतर खालापूर तालुक्यातील आमच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर वारसांची नावे अद्याप लागलेली नाहीत. याबाबतच्या फायलीची चौकशी करण्यासाठी मी दोन वेळा खालापूरला आलो. वकिलांनी सांगितलेल्या रकमेची पावती सोबत जोडली आहे. तरी तहसीलदार साहेबांनी लक्ष घालावे, ही विनंती.' कारणे तुम्ही स्वतः लिहावयाची आहेत. तिसऱ्या प्रश्नाला ठरलेले उत्तर नाही. संपर्कसत्राला येताना वही सोबत आणावी.